घोडं करडांना आईपाशी जाऊ देत नाही: दर वेताला होणाऱ्या अडचणीवर उपाय

वर्षभर शेळ्यांबरोबर गुण्यागोविंदानं चरणारं घोडं शेळ्या व्यायला लागल्या की बदलतं. नुकतं जन्मलेलं, अजून ओलं करडू त्याच्या पुढच्या पायांपाशी पडलेलं असतं, घोडं त्याच्यावर मान वाकवून उभं असतं, आणि शेळी दहा-बारा फुटांवरून ओरडत असते. ती दोन पावलं पुढे आली की घोड्याचे कान मानेला चिकटतात आणि ती मागे सरते. माणूस तासा-दोन तासांत पोचला तर ठीक. रात्रीचं वेत असेल तर सकाळी करडू गार पडलेलं सापडतं, अंगावर ओरखडाही नसतो. ‘घोडं राखण करत होतं, करडूच अशक्त निघालं’ अशी समजूत करून घेतली जाते. बहुतेक वेळा करडू चांगलं असतं. त्याला चीक (व्यायल्यानंतरचं पहिलं दूध) मिळालेला नसतो, एवढंच.

मग घोडं पंधरा दिवस बांधून ठेवतात, निवळलं म्हणून सोडतात, आणि पुढच्या वेताला पुन्हा तेच. बांधल्यानं त्याला संधी मिळत नाही, पण ते तसं का वागतं हे जागच्या जागी राहतं. म्हणून ही अडचण फिरून फिरून येते.

करडू आत्ता अडकलेलं असेल तर

आधी हे, बाकीचं नंतर वाचा.

करडू उचलून पळू नका. ओरडणारं करडू हातात घेऊन निघालेल्या माणसामागे घोडं येतं, आणि वाटेत शेळी, माणूस, कुंपण जे असेल ते तुडवतं. करडाला नाही, घोड्याला हलवा. एकानं चंदीची (घोड्याच्या दाण्याची) बादली वाजवत २०-२५ पावलांवर, करडाच्या विरुद्ध बाजूला उभं राहावं. घोडं तिकडे वळलं की दुसऱ्यानं त्याच्या डाव्या खांद्याकडून, बोलत बोलत जवळ जावं. थेट शेपटीमागून किंवा थेट कपाळासमोरून जाऊ नये, तिथं त्याला दिसत नाही. म्होरकी (तोंडावर बसणारी दोरी) घालून १०-१२ फुटी सुती दोर लावा. दोर हाताला गुंडाळू नका, मुठीत घडी करून धरा. मागच्या पायांपासून निदान १० फूट अंतर ठेवा. बादलीकडे न वळणारं घोडं दोन माणसांनी दोन बाजूंनी रेटायचा प्रयत्न करू नका. मधे एखादं फाटक किंवा लांब लाकडी फळी आडवी धरून सावकाश पुढे सरका.

घोडं पक्कं बांधून झालं की करडाच्या तोंडात बोट घाला. तोंड कोमट असेल तर लगेच चीक पाजा. तोंड गार असेल आणि गुदद्वारातला ताप ३७ अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर आधी ऊब द्या: कोरड्या पोत्यानं रगडून पुसा, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना लावा. गार पडलेल्या करडाच्या घशात चीक ओतला तर तो फुफ्फुसात जातो, आणि वाचू शकणारं करडू हातानं मारल्यासारखं होतं. ऊब येऊन ते चोखायला लागलं की वजनाच्या दर किलोला साधारण ५० मिली चीक द्या. दोन किलोच्या करडाला पहिल्या वेळी १०० मिली, आणि पहिल्या २४ तासांत मिळून किमान २०० मिली. जमलं तर पहिल्या तासात, काहीही झालं तरी सहा तासांच्या आत. चोवीस तासांनंतर आतड्यातून रोगप्रतिकारक घटक शोषलेच जात नाहीत. मग पाजलेला चीक पोट भरतो, आजारापासून वाचवत नाही.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. शेळी आणि करडू ५ बाय ४ फुटांच्या खणात दोन-तीन दिवस एकत्र ठेवा. घोड्यानं खूप चाटलेलं करडू शेळी हुंगून झिडकारते. जार (करडामागून पडणारी वार) अजून ओला असेल तर तो करडाच्या पाठीवर आणि शेपटीखाली फिरवा. तरीही घेत नसेल तर शेळीची मान धरून दिवसातून चार-पाच वेळा करडाला कासेला लावा. दोन दिवसांत बहुतेक शेळ्या मानतात.

हे राखणं की ताबा?

याचं उत्तर चुकलं की पुढचा उपायही चुकतो. सगळ्याला एकच शब्द लावतात, ‘राखण’. त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, खरंच निरुपद्रवी. घोडं शेळ्यांमध्ये चरतं, अनोळखी कुत्रं किंवा माणूस दिसला की मान वर करून, कान पुढे रोखून उभं राहतं, फुरफुरतं, कधी मधे येऊन थांबतं. शेळ्या पांगल्या तरी ते त्यांच्यामागे जात नाही. याला हात लावायचं कारण नाही.

दुसरी म्हणजे हाकणं. नीट पाहा: डोकं गुडघ्याच्याही खाली, मान सापासारखी लांब आणि डावीकडून उजवीकडे डोलणारी, कान मानेला सपाट चिकटलेले, नाक जमिनीला जवळजवळ लागलेलं. मोकळ्या रानात वळू-घोडा आपल्या कळपातल्या माद्यांना असंच हाकतो, कळपातून फुटू देत नाही, दुसऱ्या घोड्याजवळ जाऊ देत नाही. ज्याला घोडी दिसतच नाही तो शेळ्यांना हाकतो. यात शेळ्यांच्या रक्षणाचा भाग फार थोडा आहे. धावपळीत करडं चेंगरतात, आणि शेवटच्या महिन्यातली गाभण शेळी गाभ टाकू शकते.

तिसरी, घोडीचं आईपण. ती करडाला चाटते, हलक्या आवाजात घुमल्यासारखं खिंकाळते, त्याच्यावर उभी राहते. शिंगरू गमावलेली किंवा दिवस भरत आलेली घोडी हे करते. घोडीचे दिवस साधारण ३४० असतात, तेव्हा फळवल्याची (घोडा लावल्याची) तारीख लिहिलेली असेल तर हे आधीच ओळखता येतं. पायाशी शिंगरू असलेली घोडी मात्र निराळी. ती शेळ्यांना राखत नसते, शिंगराजवळून सगळ्यांनाच हुसकत असते.

चौथी सरळ हल्ला आहे. पुढच्या पायानं टाप मारणं, करडाला मानेला किंवा पाठीला दातांनी धरून उचलणं, झटकणं. हे एकदा जरी दिसलं तरी ‘खेळतंय’ म्हणून सोडून देऊ नका. अशा घोड्याला लहान जनावरांबरोबर ठेवण्याचे प्रयोग थांबवावेत. पक्कं कुंपण, कायमचं.

कोणता प्रकार आहे हे एका नजरेत कळत नाही. तीन दिवस, दिवसातून तीन वेळा, अर्धा-अर्धा तास लांबून बसून पाहा: सकाळी खाण्याआधी, चरताना आणि संध्याकाळी परतल्यावर. वहीत चार गोष्टी लिहा: कुणाला हुसकलं, कुठे, कान कसे होते, जवळ खाणं-पाणी होतं का. सगळ्या नोंदी गव्हाणीजवळच्याच निघाल्या तर हा खाण्याचा तंटा आहे आणि तो सर्वांत सोपा. घोडी असेल तर तारीखही लिहा. ती साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि पाच-सात दिवस माज राहतो. चिडचिड त्याच दिवसांत वाढत असेल तर ते दोन-तीन फेऱ्यांत उघड होतं.

आधी आजार नाही ना, हे पाहा

सवयीचं वागणं हळूहळू वाढतं. चार-आठ दिवसांत अंगावर येऊ लागलेलं घोडं बहुधा आजारी असतं. मागच्या काही आठवड्यांत कुत्र्याशी झटापट झाली होती का, हे घरातल्या प्रत्येकाला विचारा. पिसाळलेलं कुत्रं चावल्यानंतर घोड्यात अचानक आक्रमकता, लाळ गळणं, गिळता न येणं, मागचे पाय लटपटणं, स्वतःलाच चावणं दिसू शकतं. अशा वेळी घशात काही अडकलंय का बघायला तोंडात हात घालू नका. घोडं वेगळं करा आणि पशुवैद्याला बोलवा. शेळ्या राखताना कुत्र्यांवर धावून जाणाऱ्या घोड्याला हा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, म्हणून त्याचं रेबीजचं लसीकरण चुकवू नका. चावा दिसलाच तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी पशुवैद्याकडे जा.

दाढांच्या धारदार कडा, खुरातलं गळू, खोगिरानं लागलेली पाठ, यांनीही घोडं जवळ येणाऱ्याला हुसकतं. घोडी वळूसारखी वागू लागली, इतर घोड्यांवर चढू लागली, महिनोन्महिने माजावर आली नाही, तर अंडाशयात गाठ असू शकते. पशुवैद्य सोनोग्राफीत ती पाहू शकतात.

मूळ कारण: एकटेपणा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून हौसेनं किंवा टांग्यासाठी एकच घोडं आणलं, आणि गोठ्यात शेळ्या, दोन गाई, कोंबड्या. बहुतेक घरांत हेच चित्र असतं. घोडं कळपातलं जनावर आहे. एकटं उभं राहून त्याला नीट झोपही लागत नाही, कारण आडवं पडून झोपायला पहारा देणारं दुसरं कुणी लागतं. दुसरं घोडं नसेल तर ते शेळ्यांनाच कळप मानतं. पण शेळीला घोड्याची भाषा येत नाही. घोडी असती तर कान पडताच बाजूला सरली असती किंवा उलट दुगाणी झाडून हिशेब चुकता केला असता. शेळी नुसती पळते. ती पळाली की घोड्याला कळतं की आपलं चाललं, आणि पुढच्या वेळी ते अजून लवकर धावतं. आपणही भर घालतो: कुत्र्यामागे धावलं म्हणून कौतुकानं गूळ देतो. ते शिकतं ते धावायला. कुत्रं कोणतं आणि शेळी कोणती, हा फरक त्यात येत नाही.

म्हणून पहिला आणि टिकाऊ उपाय दुसरं घोडं, तट्टू किंवा गाढव हाच आहे. खर्च आहे, मान्य. पण यावाचून बाकी सगळं अर्धवट राहतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. गाढव आणणार असाल तर आणल्याबरोबर शेण तपासून जंताचं औषध द्या. गाढवाच्या फुफ्फुसातला जंत त्याला फारसा त्रास देत नाही, पण घोड्याला खोकला लावतो.

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात मेंढ्या राखायला गाढव ठेवतात, म्हणून घोडंही तेच करेल असं अनेक जण धरून चालतात. गाढव कुत्र्याच्या जातीच्या प्राण्याला मुळातच खपवून घेत नाही आणि जागेवर उभं राहून लढतं. घोडं पळून जीव वाचवणारं जनावर आहे. लांडगा किंवा बिबट्या आला तर ते पळेल, आणि दाव्याला असेल तर पळताही येणार नाही. रात्रीची राखण घोड्यावर सोपवू नका.

धनगरांच्या वाड्यावर पाहा. घोडी बिऱ्हाड वाहते, वाड्याजवळ बांधलेली असते. मेंढरं रात्री वाघुरीच्या (जाळीच्या कुंपणाच्या) आत असतात आणि पहारा कुत्र्यांकडे असतो. नवी कोकरं दिवसा चरायलाही नेत नाहीत, वाड्यावर वेगळी डालून ठेवतात. घोडी आणि कोकरं एकाच मुक्कामावर राहतात, पण मोकळी एकत्र नसतात. गोठ्यातही हीच मांडणी हवी.

गोठ्यात काय बदलायचं

शेळीचे दिवस १५० असतात. बोकड लागल्याची तारीख लिहा आणि १३५व्या दिवशी शेळी विण्याच्या खणात हलवा. विल्यावर करडं आठ आठवड्यांची होईपर्यंत घोड्याच्या आवारात येऊ देऊ नका. एवढं एकच पाळलं तरी मरतूक थांबते.

वेगळं करताना घोड्याला शेळ्या दिसायला हव्यात. नजरेआड केल्या की ते कुंपणाकडेनं येरझाऱ्या घालतं, घामानं भिजतं, खाणं सोडतं आणि पोटदुखीवर जातं. तेव्हा दुहेरी कुंपण करा. घोड्याची मान कठड्यावरून तीन-साडेतीन फूट आत येते, म्हणून दोन कुंपणांत पाच फूट अंतर ठेवा. घोड्याच्या बाजूला काटेरी तार नको, साडेचार फूट उंचीचा लाकडी किंवा पाइपचा कठडा हवा.

मोठ्या शेळ्यांबरोबर एकच आवार असेल तर करडांना पळून जायला जागा करा. फळ्यांच्या भिंतीत एक फूट रुंद, दीड फूट उंच खिडकी, कडा गोल घासलेल्या, पलीकडे कोरडी जागा. आवाराचे कोपरे तिरकी फळी लावून बुजवा. शेळी मरते ती बहुधा कोपऱ्यात कोंडली गेल्यामुळे.

खाण्याची जागा वेगळी करणं तर सक्तीचं आहे. २५० किलोच्या तट्टाला दिवसाला साधारण ४ ते ५ किलो कोरडा चारा-चंदी लागते. ती तीन-चार वेळा वाटून द्या, चंदी एका वेळी एक किलोच्या वर नको. तोबऱ्यातून दिली तर सर्वांत बरं. तोंड तोबऱ्यात असताना घोडं कुणाची गव्हाण अडवत नाही, आणि शेळ्यांचंही खाणं तेवढ्यात उरकतं.

इथं एक गोष्ट मोठ्यानं सांगायला हवी, कारण घोड्यांचे जीव यात जातात. कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन घातलेलं असू शकतं. कोंबडीला ते औषध आहे, घोड्याला विष. घोड्याच्या वजनाच्या दर किलोला अवघं २-३ मिलिग्रॅम मोनेन्सिन प्राणघातक ठरतं. ते हृदयाचा स्नायू मारतं आणि त्यावर उतारा नाही. गुरांच्या काही खाद्यांतही ते असतं. पोतं शिवून, कुलूप लावून ठेवा, रिकाम्या पोत्यात चंदी भरू नका. उलट बाजूनं, घोड्याचं खनिज मिश्रण मेंढ्यांना चाटू देऊ नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साचत जातं आणि एक दिवस ती लाल लघवी करून मरते. शेळी थोडं अधिक सोसते, मेंढी नाही.

खच्ची करणं आणि शिकवणं

हाकणारा वळू-घोडा पैदाशीसाठी ठेवलेला नसेल तर खच्ची करून घ्या. माशा कमी असतात म्हणून हिवाळा बरा. धनुर्वाताची लस आधी टोचलेली हवी, घोडं त्याला फार लवकर बळी पडतं. त्यानंतर निदान सहा आठवडे घोडीपाशी सोडू नका, उरलेल्या वीर्यानं गर्भ राहू शकतो. वर्षानुवर्षं हाकायची सवय लागलेलं घोडं खच्ची केल्यावरही काही प्रमाणात हाकत राहतं. जोर ओसरतो, सवय शिकवूनच मोडावी लागते.

शिकवणं असं: म्होरकी, १२ फुटी दोर, दिवसातून दोनदा दहा मिनिटं, पोट भरलेलं असताना. शेळ्यांपासून ३० पावलांवर उभे राहा. कान सैल आहेत, डोकं मधल्या उंचीवर आहे, तोवर उभं राहू द्या, मानेवर हात फिरवा, मूठभर चंदी द्या. कान मागे जायला लागले, मान खाली लांबली, की त्याच क्षणी त्याला वळवून छोट्या गोलात दोन फेऱ्या चालवा आणि पाच पावलं मागे नेऊन उभं करा. रोज दोन-तीन पावलं जवळ. दोन-तीन आठवड्यांत शेळ्यांमधून सैल दोरानं चालवता यायला हवं. चाबूक नको. शेळीजवळ मार बसला की शेळी म्हणजे मार एवढंच त्याच्या डोक्यात बसतं, आणि तुम्ही पाठ फिरवल्यावर त्याचा वचपा शेळीवर निघतो. पुढचे पाय बांधून सोडणं हाही उपाय नाही. पायबंद घातलेलं घोडं दोन्ही पाय एकदम आपटतं. लांब दोर ओढत मोकळं सोडलं तर शेळ्यांचे पाय त्यात अडकतात.

पुन्हा एकत्र सोडताना

मागच्या पायांचे नाल काढा. नालाचा पाय लागला की शेळीची बरगडी राहत नाही. आधी फक्त मोठ्या, न विणाऱ्या शेळ्या, उघड्या जागेत, घोडं खाऊन झाल्यावर, एक तास, माणूस समोर. चार दिवस शांत गेले तर दोन तास. एका दिवशी जरी हाकलं तरी दोन टप्पे मागे या. आठ आठवडे उलटलेली करडं शेवटी, आणि तीही आयांसोबत, सुटी नाहीत. नवी शेळी विकत आणली की तिच्यापुरता सगळा क्रम पहिल्यापासून करावा लागतो, घोडं तिला परकी मानतं.

रात्री मात्र वेगळंच बांधा. आणि विण्याचा हंगाम जवळ आला की, घोडं मागचे सहा महिने कितीही शहाणं वागलेलं असो, १३५व्या दिवसाची तारीख गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.